किमयागारांचे सोने आणि आत्मशुद्धी

प्रश्न : दादर येथील एका व्याख्यानात असे ऐकले की, युरोपातील किमयागार प्रत्यक्षात सोने करण्याच्या खटाटोपात नव्हतेच; शिसे म्हणजे अशुद्ध जीव, सोने म्हणजे शुद्ध आत्मा आणि भट्टी म्हणजे साधना, एवढाच त्यांच्या लेखनाचा अर्थ होता. हे कितपत खरे मानावे? त्यांच्या ग्रंथांतील काळा, पांढरा व लाल हे रंग कशाचे द्योतक आहेत? आपल्याकडील परीस आणि पाऱ्याची विद्या हीच का?
— एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : वक्त्यांनी सांगितलेला अर्थ निराधार नाही, पण त्यातील ‘एवढाच’ हा शब्द मान्य करता येत नाही. किमया ही केवळ आत्मिक साधना होती, हे मत प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात रुजले. मेरी ॲन ॲटवुड यांनी १८५० मध्ये इंग्लंडमध्ये या मताचा ग्रंथ निनावी प्रसिद्ध केला आणि गूढ विद्या उघड केल्याच्या धास्तीने त्याच्या बहुतेक प्रती लगेच परत घेऊन जाळल्या. पुढे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९४४ मधील ग्रंथात किमयेच्या प्रतिमा मनाच्या घडणीशी जोडल्या. मात्र आयझॅक न्यूटन यांच्यासारखा माणूस केंब्रिजमध्ये भट्टी पेटवून वर्षानुवर्षे धातूंवर प्रयोग करीत होता, त्याला केवळ रूपक कसे म्हणावे?

जुन्या किमयागारांना साधना आणि प्रयोग ही विभागणी बहुधा कळलीच नसती. इसवी सन ३००च्या सुमारास इजिप्तमध्ये झोसिमोस हा ग्रीक भाषेत लिहिणारा किमयागार होऊन गेला. उपकरणांची बारकाईने वर्णने करणारा हाच लेखक आपल्या स्वप्नांत वेदीच्या पात्रात उकळली जाणारी माणसे पाहतो, आणि त्यांतला तांब्याचा पुरुष चांदीचा होतो. धातूला देह आणि आत्मा असतो, देह मेल्याखेरीज आत्मा मोकळा होत नाही, ही त्याची धारणा होती; त्यामुळे पात्रात घडणारे आणि साधकात घडणारे त्याला एकाच नियमाने चालताना दिसत होते.

रंगांचा उलगडा येथेच होतो. पदार्थ कुजून, जळून काळा होणे ही मृत्यूची अवस्था, म्हणून तिचे चिन्ह कावळा; धुऊन पांढरे होणे ही शुद्धी, तिचा हंस; आणि लाल म्हणजे सिद्धी, जिचे चित्र राजमुकुट घातलेल्या राजाचे किंवा राखेतून उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याचे काढीत. मधली पिवळी अवस्था पुढे बऱ्याच ग्रंथांतून गळाली. झवेरी बाजारातला कारागीर नुसत्या पिवळेपणावर सोने पारखणार नाही, हे खरे. परंतु त्या काळी रंग हा धातूच्या स्वभावाचाच भाग मानला जाई, आणि रंग पालटला की आतले तत्त्वही पालटू लागले, असे समजत.

असे रंगांतर आपल्या रसशास्त्रातही, म्हणजे पारा व धातूंवरील प्रक्रियांच्या विद्येतही, प्रत्यक्ष दिसते. पारा आणि गंधक खलात घोटले की काळीभोर कज्जली तयार होते. तीच काचकुपीत भरून वालुकायंत्रात, म्हणजे वाळूने भरलेल्या भांड्यात, तापवली की कुपीच्या गळ्याशी लाल रससिंदूर जमतो. रसग्रंथांत पारा हे शिवाचे वीर्य आणि गंधक हे पार्वतीचे रज मानले आहे. युरोपात मात्र गंधक हा सूर्य, राजा, पुरुष आणि पारा ही चंद्रमा, राणी, स्त्री. म्हणजे विवाह तोच, पण वधू-वर अदलाबदल झालेले. प्रतीके सर्वत्र सारखीच असतात, असे ठामपणे सांगणाऱ्यांनी या एका गोष्टीचा जरूर विचार करावा.

उद्दिष्टही वेगळे पडते. ‘रसार्णव’ या ग्रंथाच्या मते सिद्ध पारा आधी धातूवर पारखावा आणि मगच देहावर योजावा. सोने ही कसोटी, तर दृढ आणि चिरंजीव देह हे साध्य. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’त रसेश्वर दर्शनाला, म्हणजे पाऱ्याला मुक्तीचे साधन मानणाऱ्या तत्त्वज्ञानाला, स्वतंत्र स्थान दिले, ते देह टिकवून जिवंतपणीच मुक्ती मिळवण्याच्या या भूमिकेमुळे. देह ही कैद मानणाऱ्या झोसिमोसपासून हे बरेच दूर आहे.

परिसाचे म्हणाल, तर युरोपीय किमयागारांचा सोने करणारा दगड दीर्घ प्रक्रियेने तयार करावा लागतो. आपला परीस आयता सापडतो आणि स्पर्शमात्रे लोखंडाचे सोने करतो, म्हणून संतांना तो कृपेच्या दृष्टान्तासाठी सोयीचा वाटला. तरी दासबोधातील गुरुस्तवनात समर्थ हीच उपमा नाकारतात : परिसाने झालेले सोने पुढे दुसऱ्या लोखंडाचे सोने करू शकत नाही, सद्गुरूचा शिष्य मात्र स्वतः गुरुपदाला पोहोचतो.