मंडळाच्या पडद्यावरचं चित्र मध्येच का जातं?

प्रश्न : आमचं मंडळ गणपतीत जुन्या उत्सवांचं चित्रीकरण सभागृहात दाखवतं. यंदा ‘४के सपोर्ट’ लिहिलेला नवा प्रोजेक्टर आणला आणि लॅपटॉपपासून १५ मीटरची एचडीएमआय वायर टाकली. दर दोन-चार मिनिटांनी पडदा काळा होतो, मध्येच पांढरे ठिपके चमकतात. जुन्या व्हीजीए वायरीवर असं कधी झालं नाही. दुकानदार म्हणतो, सोन्याचा मुलामा असलेली भारी वायर घ्या. घ्यावी का?
— एक कार्यकर्ता, रामबाग, इंदूर

उत्तर : दादा, घेऊ नका. वर्गणीचा पैसा आहे. सोन्याच्या मुलाम्यामुळे पिना गंजत नाहीत, चित्र मात्र त्यानं तसूभरही सुधारत नाही.

व्हीजीएत सिग्नल अशक्त झाला की चित्र पुसट व्हायचं, अक्षरांच्या कडेला सावली यायची, पण कार्यक्रम निभायचा. एचडीएमआय डिजिटल, म्हणजे चित्र आकड्यांत जातं. आकडे ओळखू येतात तोवर चित्र चोख. येईनासे झाले की आधी ठिपके, मग अंधार. तुमची वायर त्या काठावर आहे.

माझा संशय लॅपटॉपवर आहे. ‘४के सपोर्ट’वाले बरेच प्रोजेक्टर ४के घेतात आणि दाखवतात १०८०पीच, म्हणजे ४केच्या चौथाई ठिपक्यांचं चित्र. लॅपटॉपला ते कळत नाही, तो ४के पाठवत राहतो. ४केची सेकंदाला ६० चित्रं म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ १८ गिगाबिट माहिती. तांब्याच्या साध्या १५ मीटर वायरीला हे सहसा झेपत नाही. १०८०पीला साडेचार गिगाबिट पुरतात आणि तेवढं चांगल्या जाड वायरीतून जातं. डिस्प्ले सेटिंगमध्ये १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ करा. याला एक पैसा लागत नाही.

तरीही ठिपके आले तर दोन मीटरची वायर लावून बघा. तिच्यावर चित्र टिकलं तर दोष लांब वायरीचाच. मग फायबरची (सिग्नल प्रकाशातून नेणारी) एचडीएमआय घ्या, पण तिच्या एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं ते वाचूनच लावा. मी एकदा ती उलटी ओढून छताच्या पट्टीत बसवली होती. चित्रच येईना. सगळी पट्टी पुन्हा उघडली, खाली आरती सुरू झाली तरी मी शिडीवरच होते.

एचडीएमआयची खरी खोट मला वाटते ती तिच्या तोंडात. व्हीजीएला दोन स्क्रू असायचे. इथं १९ पिना नुसत्या घट्टपणावर टिकतात. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरमधून जड वायर आपल्याच वजनानं सुटत येते. ती ब्रॅकेटला बांधा, सॉकेटवर भार नको. डिस्प्लेपोर्ट या एचडीएमआयसारख्याच दुसऱ्या जोडणीच्या वायरीला बहुधा खटका असतो, पण आपल्याकडच्या प्रोजेक्टरांना ते तोंड क्वचितच मिळतं.

पण एवढ्यासाठी व्हीजीएकडे परत जाऊ नका. त्यातून आवाज जात नाही, कीर्तनासाठी वेगळी वायर ओढावी लागेल. २००२ साली आलेल्या एचडीएमआयनं चित्र आणि आवाज एकाच वायरीत आणले, ही सोय मोठी आहे.

ॲपवरचा एखादा सिनेमाच तेवढा काळा दिसला, तर ते नक्कल रोखणारं एचडीसीपी कुलूप असू शकतं. तुमच्या स्वतःच्या चित्रीकरणाला ते लागत नाही.

आरास लागायच्या आधी वायर जमिनीवर मोकळी पसरून अर्धा तास चित्रीकरण चालवून बघा.