मुलगी पंक ऐकते, काही बिघडलंय का?

“दिवसभर ती किंचाळणारी गाणी. डोक्यात राग भरलाय का हो तिच्या?”

ठाण्याच्या एका वडिलांचा हा प्रश्न, मुलीच्या पंक रॉकबद्दल, म्हणजे छोट्या, वेगवान, रागीट गाण्यांबद्दल. (तपशील अर्थातच बदललेत.) असं विचारणारे पालक माझ्याकडे समुपदेशनाला नेहमीच येतात, गाणी तेवढी बदलतात. पण हे गृहस्थ नाट्यगीतवाले नव्हते. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात पिंक फ्लॉइड, जेथ्रो टलच्या कॅसेटी झिजेपर्यंत ऐकलेले, धोबी तलावच्या रंगभवनात घसा बसवून घेतलेले रॉकवाले! मुलगी बारावीत.

त्यांनी आधी मला प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, समजावलं. जेथ्रो टलचा १९७२ चा ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ म्हणजे रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणं. “आणि हिचे ते पंकवाले रमोन्स! पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी, सगळी मिळून अर्धा तास नाही. गिटारच्या तीन कॉर्डवर संसार!”

मी झोप, जेवण, मैत्रिणी, अभ्यास यांची चौकशी केली. सगळं ठीक होतं. गाण्यात राग म्हणून मुलाच्या मनात राग, हे गणित मला पटत नाही. कित्येक मुलं अशी गाणी ऐकून शांत होतात. झोप उडाली, मित्र तुटले, जगण्यात अर्थ नाही अशी किंवा स्वतःला इजा करून घेण्याची भाषा आली, तर मात्र मूल भजनं ऐकत असलं तरी ताबडतोब मदत घ्या.

मुलगी एकटीच भेटली तेव्हा म्हणाली, “बाबांचं गाणं लागलं की वीस मिनिटं गप्प बसायचं. ‘थांब, आता कीबोर्ड येतोय.’ माझं दोन मिनिटांचं गाणं ते एकदाही पुरं ऐकत नाहीत.” आणि पंकच का? “तिथे पर्सेंटाइल लागत नाही. तीन कॉर्ड आल्या की चढा स्टेजवर.”

पुढच्या वेळी दोघं एकत्र बसले. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा गायक जॉनी रॉटन ‘आय हेट पिंक फ्लॉइड’ असा टीशर्ट घालायचा, हे सांगताना वडिलांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. (तेव्हा ते फार तर पहिलीत असतील.) मुलगी म्हणाली, “त्याच रॉटननं १९७७ मध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आवडीची गाणी लावली, त्यात पीटर हॅमिल होता. तुमच्या त्या प्रोग्रेसिव्ह बँडचा, व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा. आणि द डॅम्ड या पंक बँडचा दुसरा अल्बम कुणी प्रोड्यूस केला? निक मेसननं. पिंक फ्लॉइडचा ड्रमर.”

“कुठे वाचलंस हे?” वडिलांनी विचारलं. पुढचा अर्धा तास मला बोलायची गरज पडली नाही.

रात्री नऊनंतर दोघांनीही हेडफोन लावायचे, ही अट आईची. रोज एकमेकांचं एक गाणं पुरं ऐकायचं, हे त्यांनीच ठरवलं. यात मुलीचाच जास्त वेळ जातो, पण तिनं कुरकुर केली नाही. वडील पंकला अजून केकाटणंच म्हणतात. शेवटपर्यंत ऐकून म्हणतात, म्हणून तिला ते चालतं.