घर आहे, पण हातात पैसा नाही

प्रश्न : मी 71 वर्षांची आहे. यजमान 74 वर्षांचे. लहानपणी पोलिओ झाल्याने ते उजव्या पायाने अधू आहेत. त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, त्यामुळे पेन्शन नाही. साताऱ्यात स्वतःचं घर आहे, ते ह्यांच्या नावावर. ठेवींचं व्याज महिन्याला 9 हजारांच्या आसपास येतं, दुसरं उत्पन्न नाही. आता ह्यांना न्हाणीघराचा उंबरठा ओलांडता येत नाही. ठेकेदाराने न्हाणीघर, संडास आणि पुढच्या पायऱ्यांचं मिळून 1 लाख 80 हजार सांगितले. घर स्वतःचं असलं तर सरकारकडून काही मिळतं का? ओळखीच्या एकांनी ‘रिव्हर्स मॉर्गेज’ सुचवलंय. पुण्याचा मुलगा म्हणतो, घर माझ्या नावावर करा, मग मी बघतो. आम्ही काय करावं?
– एक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, आधी न्हाणीघराचं बोलते. माझी आई अशाच उंबरठ्याला अडखळून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि चार महिने अंथरुणावर होती. उंबरठा फोडायला एक गवंडी आणि एक दिवस पुरतो. ते काम याच आठवड्यात करून घ्या, कुठल्याही योजनेची वाट बघू नका. ठेकेदाराच्या आकड्यात नव्या फरश्या किती आणि ह्यांच्या पायासाठी लागणारं काम किती, हे वेगवेगळं लिहून मागा. मला वाटतं, दुसरा आकडा बराच लहान निघेल. त्यासाठी एखादी छोटी ठेव मोडली तरी चालेल, घर गहाण टाकायची गरज नाही.

घर नावावर आहे म्हणून काहीच मिळणार नाही, असं मनात धरू नका. बहुतेक ठिकाणी उत्पन्न, वय आणि अपंगत्वाची टक्केवारी बघतात. तुमचं उत्पन्न वर्षाला 1 लाख 8 हजार होतं. वृद्धांना दरमहा पैसे देणाऱ्या श्रावणबाळ योजनेची उत्पन्नाची मर्यादा याहून पुष्कळ खाली आहे, तिथे हेलपाटे घालू नका. पण केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेची मर्यादा महिना 15 हजार आहे. त्यात काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र अशी साधनं शिबिरांतून मोफत मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्यांना, कुटुंबाचं उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर, एकदाच 3 हजार रुपये खात्यात येतात. दोन्हींची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

ह्यांचं दिव्यांग ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल तर जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्या. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व नोंदलं गेलं की पुढची दारं उघडतात. नगरपालिका, ग्रामपंचायत, महापालिका यांना स्वतःच्या उत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. नगरपालिकेत जाऊन ‘दिव्यांगांच्या 5 टक्के निधीतून आम्हाला काय मिळेल’ असं नेमकं विचारा. घरपट्टीत सवलत आहे का, तेही तिथेच विचारा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मी स्वतः 32 वर्षं बँकेत कर्ज विभागात काढली, तरी माझ्या मावशीला एका शाखेतून ‘अशी योजनाच नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. लेखी अर्जाची पोच हातात आल्यावर तीच योजना त्यांना सापडली. त्या दिवशी मावशीच्या डोळ्यांत आलेलं पाणी मी विसरलेले नाही.

आणि आयुष्मान वय वंदना कार्ड दोघांचंही काढा. वय 70 पूर्ण असलं की उत्पन्न न बघता कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय आहे. ऑक्टोबर 2024 पासून ते मिळतं. म्हातारपणी घर विकायची वेळ बहुतेकदा दवाखान्यामुळेच येते.

आता रिव्हर्स मॉर्गेज. 2007-08 च्या अर्थसंकल्पात ते जाहीर झालं. यात घर गहाण ठेवून बँक तुम्हाला कर्जाऊ पैसे देते आणि तुम्ही घरातच राहता. हप्ता भरायचा नसतो, मिळालेल्या रकमेवर प्राप्तिकरही नाही. कर्जदार हयात असेपर्यंत आणि त्या घरात राहत असेपर्यंत घर सोडावं लागत नाही. त्यानंतर वारसांनी कर्ज फेडून घर ठेवायचं, नाहीतर बँक ते विकते आणि उरलेली रक्कम वारसांना देते. मुलाचा हक्क बुडतो असं नाही, पण व्याजाने तो आटत जातो. महिना 10 हजार घेतलेत आणि व्याज 10 टक्के धरलं, तर 15 वर्षांत हातात येतात 18 लाख, आणि कर्ज उभं राहतं सुमारे 41 लाखांचं. म्हणून ही वाट उशिरा धरलेली बरी. ठेवी संपत आल्या, महिन्याचा खर्च भागेनासा झाला, तेव्हा तिचा विचार करा.

तेव्हा एक गोष्ट मात्र विसरू नका. घर ह्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. कर्जात तुम्ही सहकर्जदार नसाल, तर ह्यांच्या पश्चात बँक फेड मागेल आणि राहतं घर तुमच्याखालून जाईल. सहकर्जदार म्हणून तुमचं नाव आल्याशिवाय सही करू देऊ नका.

मुलाच्या बोलण्यात खोट असेल असं मी म्हणत नाही. पण ‘घर द्या, मग बघतो’ हा क्रम मला पटत नाही. राहत्या घराचं बक्षीसपत्र मुलाला करून द्यायला मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये आहे, अधिभार वेगळा, म्हणून लोक घाई करतात. त्यापेक्षा मृत्युपत्र करा, ते केव्हाही बदलता येतं. बक्षीसपत्रच करायचं ठरलं, तर आम्हा दोघांना तहहयात या घरात राहू देईन, सांभाळीन आणि औषधपाणी बघीन, ही अट त्यातच लिहून घ्या. पुढे अट मोडली तर ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अट नुसती तोंडी असली तर ती सिद्ध करताना दमछाक होते.

पुढच्या पायऱ्यांच्या जागी उतार करणार असाल तर गवंड्याला सांगा, एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. त्याहून उभा केला तर चाकाची खुर्ची मागे घसरेल. आणि संडासातली धरायची दांडी भिंतीत स्क्रूने पक्की बसवून घ्या. टॉवेल वाळत घालायच्या दांडीला धरून उठायची सवय ह्यांना लागू देऊ नका.