तीन हजारांचा ताप

"माझ्या मायला अंडाशयाचा कॅन्सर आहे. संभाजीनगरला केमो चालू आहे. दोन डोस झाले, मंगळवारी तिसरा, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन. पुण्यातला थोरला भाऊ पैसे देत नाही, येतही नाही. सोयाबीन विकून सगळं मीच भागवतोय. मागच्या डोसानंतर दहाव्या दिवशी रात्री मायला कणकण होती. तिनं गोळी खाल्ली आणि सकाळी सांगितलं. 'रात्री उगं कशाला गाडीला तीन हजार घालायचे,' म्हणाली. भावाला कसं वठणीवर आणू?"
– एक वाचक, जिंतूर तालुका

तुमचं पत्र चार पानांचं होतं, इथे थोडक्यात छापलंय. त्यात भावाला साडेतीन पानं आणि त्या रात्रीला दोन ओळी. भावावर मी काहीच लिहिणार नाही. मला एवढंच विचारायचंय: रात्रीच्या गाडीला तीन हजार पडतात हे मायला कसं कळलं?

तुमच्याकडूनच ना? भावाला फोनवर हिशेब ऐकवत होतात तेव्हा ती पलीकडेच पडली होती. आता मायच्या सोसण्याचं कौतुक मला सांगू नका. तिनं केलं ते धोक्याचं होतं. त्या रात्री निभावलं हे तुमचं नशीब.

केमोनंतर साधारण सातव्या दिवसापासून रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घसरतात, दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास तळाला जातात आणि एकविसाव्या दिवसापर्यंत, म्हणजे पुढच्या डोसापर्यंत, बहुतेक सावरतात. पेशी तळाला असताना जंतुसंसर्ग झाला तर पू होत नाही, सूज येत नाही, कधी खोकलाही नसतो. ताप हीच काय ती खूण. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो, जंतू तसेच वाढत राहतात, आणि काही तासांत बीपी खाली येऊ शकतं.

गोळी तिच्या उशाशी का असते तेही सांगते. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय, सांधे जबर दुखतात आणि त्यासाठी दवाखान्यातूनच ती गोळी मिळते. तेव्हा घ्यायला हरकत नाही, पण आधी ताप मोजून. दुखणं थांबलं की पाकीट तुमच्या ताब्यात.

अंगाला हात लावून ताप ठरवू नका. मेडिकलमधून डिजिटल थर्मामीटर आणा. जिभेखाली, चहापाण्यानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबून. काखेत अर्धा-एक अंश कमी दाखवतो. सकाळ-संध्याकाळ मोजा, शिवाय कणकण वाटेल तेव्हा. १००.४ फॅरनहाइट एकदा जरी दिसला तरी त्याच वेळी निघायचं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. थंडी वाजून हुडहुडी भरली तर आकड्याचीही वाट बघू नका.

जायचं कुठे? ताप असताना संभाजीनगर गाठायच्या भरीला पडू नका. परभणीत रात्री कुठे जायचं हे मंगळवारी कॅन्सरच्या डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य हेच: "केमो चालू आहे, आज दहावा दिवस, ताप आलाय." रक्त तपासणीला घेऊन शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. रांगेत बसवलं तर तेच वाक्य पुन्हा, मोठ्यानं. गावातल्या डॉक्टरकडून तापाची सुई टोचून घेऊ नका. रक्त थांबवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी असतील तर टोचलेल्या जागी आत रक्त साकळतं, आणि ताप झाकला जातो तो वेगळाच. पेशी वाढवायची सुई डॉक्टरांनी लिहून दिली तर ती थंड ठेवावी लागते, पण बर्फाला चिकटवून आणू नका, गोठली की बाद.

जी बाई ताप लपवते ती बाकीचंही लपवणार. तेव्हा रोज तुम्हीच विचारा, वारा सरतो का, शौचाला झालं का. उलट्या, टम्म पोट आणि वारा बंद, हे एकत्र आलं तर आतडं अडलेलं असू शकतं. तेव्हा एरंडेल, जुलाब, एनिमा काही नाही, थेट दवाखाना. एकाच पायाची पोटरी सुजली तर तेल लावून चोळू नका, आत रक्ताची गाठ असू शकते.

आता तुमचं काम. सोमवारी गाडीवाल्याला घरी बोलवा आणि मायच्या डोळ्यांदेखत त्याच्या हातावर तीन हजार ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मंगळवार धरून सातवा ते पंधरावा दिवस लाल करा आणि त्याला सांगा, या रात्री फोन उशाशी. मग मायला म्हणा, "पैसे देऊन झालेत. तू बोलली नाहीस म्हणून ते परत येणार नाहीत." जन्मभर काटकसर केलेल्या बाईला हे चटकन पटतं. ताप आलाच नाही तर ते पैसे पुढच्या फेरीला धरा, पण हे तिला सांगायचं नाही. गाडीवाल्यानं फोन उचलला नाही तर १०८ लावा. ती रुग्णवाहिका रात्रीही येते आणि मोफत आहे.

आणि भावाशी पैशावरून बोलायचं असेल तर शेताच्या बांधावर जाऊन बोला.