सव्वा लाख, पण येन!

प्रश्न: ताई नमस्कार, मी उदगीरचा, सध्या संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजकडून एक वर्ष एक्स्चेंजवर जपानला जायला निवड झाली, तिथली फी माफ, राहणं-खाणं आपलं आपण. सीनियर म्हणायलेत पार्टटाइम करून सगळं निघतं, वर शिल्लक राहते. पप्पा म्हणायलेत सोयाबीनची पट्टी आली की देतो, पण त्यात तिकीट झालं तरी लई. आईची वेगळीच काळजी, आमचं घर माळकरी, तिथं कामावर मटण-मासे हाताळावे लागले तर? जाऊ का?

उत्तर: जा की! फक्त ते शिल्लक राहण्याचं डोक्यातून काढ. मी परभणीहून अशीच गेले होते अन् पहिले दोन महिने कॅल्क्युलेटर घेऊनच बसायचे.

काम करायला वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा उतरलास की एअरपोर्टवरच अर्ज दे, रेसिडेन्स कार्डाच्या, म्हणजे तिथं राहायच्या ओळखपत्राच्या, मागं शिक्का मिळतो. आठवड्याला २८ तास, दोन ठिकाणी काम केलं तरी दोन्ही मिळून २८च, इथंच पोरं फसतात. कॉलेजच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तास चालतात. बार, पाचिंको म्हणजे तिथले जुगाराच्या मशीनचे अड्डे, असल्या जागी नुसती भांडी घासायलाही बंदी आहे, कुणी कितीही ओळखीचं म्हणालं तरी जाऊ नको, व्हिसावर येतं.

आता पैसे. टोकियोत ऑक्टोबर २०२५पासून तासाला किमान १,२२६ येन, म्हणजे पूर्ण २८ तास भरले तर महिन्याला सव्वा लाखाच्या वर जातं. सीनियर इथंच थांबतात बघ, ते येन आहेत, रुपये नव्हेत, अन् त्यातच खोलीचं भाडं, ट्रेन, हेल्थ इन्शुरन्स. शिवाय पगार बहुतेक ठिकाणी पुढच्या महिन्यात येतो अन् काम मिळायलाच महिना-दीड महिना जातो, म्हणून निदान तीन महिन्यांचा खर्च घरून न्यायचा, त्याला पर्याय नाही.

आईंना सांग, काळजी खरी आहे. कोंबिनीत, म्हणजे चोवीस तासवाल्या दुकानात, काउंटरवर तळलेलं चिकन चिमट्यानं उचलून द्यावं लागतं. जेवणाचे डबे भरायच्या फॅक्टरीत तर भातावर माशाचा तुकडा ठेवणं हेच काम. मी हॉटेलात खोल्या आवरायचे, चादरीची घडी कोपऱ्याला अशी दाबून बसवायची की सुरकुती दिसली तर बाई न बोलता परत उपसून ठेवायची. पण तिथं मांसाचा संबंध नव्हता अन् भाषाही जेमतेम लागायची. पार्सल वेगळी करायच्या गोदामातही तसंच.

तरी जपानी इथूनच शिकायला लाग. आपल्याला ती इंग्रजीपेक्षा सोपी जाते असं माझं मत, क्रियापद शेवटी, 'शाळेत' ला 'गाक्को नि', प्रत्यय आपल्यासारखाच मागं चिकटतो. लिपीनं मात्र रडवलं मला.

अन् एक, जासो नावाच्या तिथल्या सरकारी संस्थेची स्कॉलरशिप आहे, एक्स्चेंजच्या मुलांना महिन्याला ८०,००० येन, पण ती तिकडच्या युनिव्हर्सिटीमार्फतच मिळते अन् सगळ्यांना नाही. तुझ्या प्रोग्रामला लागू आहे का ते कॉलेजात उद्याच विचार, पप्पांच्या पट्टीचं नंतर बघू.