आधी खुर्ची, मग तक्ता

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

कमी वजनाच्या नवजात बाळांसाठी कांगारू मातृसंगोपन, म्हणजे बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे, सुरू करण्याचे काम तुझ्याकडे आल्याचे वाचून आनंद झाला. तू पाठवलेला प्रशिक्षणाचा आराखडा नेटका आहे, परंतु बाळाची आई दिवसभर बसणार कुठे, हे मला त्यात सापडले नाही.

हीच चूक पूर्वी माझ्याही हातून झाली. आम्ही भिंतीवर तक्ते लावले, परिचारिकांचे वर्ग घेतले आणि गगनबावड्याकडून आलेल्या, सिझेरियनचे टाके ओढत असलेल्या बाळंतिणीला पाठ न टेकता येणाऱ्या स्टुलावर बसवले. ती अर्ध्या तासात उठली, तेव्हा नोंदवहीत ‘आईचे सहकार्य नाही’ असे लिहिले गेले. ते वाक्य मला अजून बोचते. म्हणून मागे कलणाऱ्या खुर्च्यांची, आणि जमल्यास विभागातच आईसाठी खाटेची, मागणी आधी कर.

बाळ स्थिर होईपर्यंत थांबावे, असे काही वरिष्ठ म्हणतील. त्यांना २०२१ साली प्रसिद्ध झालेला, दिल्लीसह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेला अभ्यास दाखव. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी घेतल्यावर २८ दिवसांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले. यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ८ ते २४ तास हा स्पर्श देण्याची शिफारस केली. स्वतः श्वास घेऊ न शकणारे किंवा शॉकमध्ये (रक्ताभिसरण ढासळलेल्या अवस्थेत) असलेले बाळ मात्र याला अपवाद आहे.

खरी कसोटी सासूबाईंपाशी लागेल. जानेवारीच्या गारठ्यात एवढेसे लेकरू लंगोट, टोपडे आणि मोज्यांवर ठेवायचे, ही कल्पनाच त्यांना सोसवत नाही, आणि त्यांची भीती मायेपोटीच असते. त्यांच्याशी वाद घालू नकोस. बाळ आईच्या छातीवर उभे, मान एका बाजूला वळवून किंचित वर, हातपाय दुमडून ठेव, वरून पांघरूण घाल आणि आधी व तासाभराने बाळाचे तळपाय त्यांनाच हाताने चाचपू दे. पाय उबदार लागले की पुढचे त्या स्वतःच सांभाळतात. आई जेवायला किंवा आंघोळीला गेली, तर बाळाच्या वडिलांनाही छातीशी घ्यायला सांग. ते सुरुवातीला संकोचतात, पण नंतर खुर्ची सोडत नाहीत.

मागणीपत्राचा मसुदा मला दाखव. खुर्च्या आल्या की कळव, पहिल्या दिवशी मी त्या आयांजवळ येऊन बसेन.

तुझी,
मॅडम