क्लास राहू द्या, आधी लेथबद्दल बोलू

प्रश्न : मुलाला दहावीला ७८ टक्के मिळाले. आयटीआयला मशिनिस्ट घेईन म्हणतो. मी स्वतः लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, पंचवीस वर्षं काढली. माझे हात काळे झाले ते झाले, त्याचे होऊ नयेत. जेईईच्या क्लासची निम्मी फी भरली आहे. त्याचं मन कसं वळवावं?

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र दोन पानी आहे आणि त्यात मुलाचं म्हणणं एका ओळीत आलंय : ‘बाबांना वर्कशॉपमधलं जे कळतं ते मला शिकायचंय, असं म्हणतो.’ ही ओळ तुम्ही चक्क तक्रार म्हणून लिहिली आहे! सोळाव्या वर्षी बापाच्या कामाबद्दल असं बोलणारी मुलं माझ्याकडे फारशी येत नाहीत. तुमच्याकडे आहे, तर तुम्ही त्याचं मन वळवायला निघालात.

तुम्हाला नेमकं काय बोचलंय, ते पत्रातच आहे. कंत्राटदार बदलत राहिले, कायम कुणी केलं नाही. वयानं लहान साहेबानं सगळ्यांदेखत अरे-तुरे केलं. मागून आलेल्या डिप्लोमावाल्याला तुम्ही काम शिकवलं आणि तोच तुमचा सुपरवायझर झाला. वाईट वाटणारच. पण यातली एकही गोष्ट लेथनं केलेली नाही. नोकरीच्या अटींनी केली, आणि पुढचा कागद हातात नव्हता म्हणून झाली. तुम्ही राग धरलात तो मात्र कामावर. घरात हे रोज ऐकूनही मुलाला ते काम आवडतं, याचा अर्थ त्यानं तुमची चिडचिड सोडून तुमचं कसब तेवढं पाहिलंय.

आता ‘आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं’ या समजाबद्दल. हा समज तुमच्या पिढीच्या अनुभवातून आलाय, पण तो खरा नाही. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे मशिनिस्टसारखा एका कामाचा अभ्यासक्रम, पूर्ण केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून (एनआयओएस) बारावीची समकक्षता घेता येते. तुमचा तो सुपरवायझर ज्या कागदावर पुढे गेला, तो कागद या वाटेवर आहेच. फक्त तिथे पोहोचेपर्यंत तुमच्या मुलाचा हातही तयार झालेला असेल. ज्याला मशीन चालवता येतं आणि ड्रॉइंगही वाचता येतं, अशा माणसासाठी कारखाने थांबून असतात. एका डायचं, म्हणजे साच्याचं, काम अडलं की पुढची सगळी लाइन बसून राहते, हे मी तुम्हाला काय सांगणार?

जर्मनीत मुलगा कंपनीशी शिकाऊ उमेदवारीचा करार करतो, आठवड्यातले काही दिवस कंपनीत आणि काही दिवस व्यवसाय शाळेत असं साधारण तीन वर्षं शिकतो. पुढे ‘माइस्टर’ची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा देऊन तो शिकाऊ मुलं तयार करू शकतो. त्यांच्या यंत्रउद्योगाचं नाव आहे त्यात या माणसांचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१पासून आहे. कमी पडते ती प्रतिष्ठा, आणि तिची सुरुवात घरातून होते.

माझी एक भीतीही सांगते. अर्थशास्त्रज्ञ एरिक हनुशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली अनेक देशांची आकडेवारी ताडून दाखवलं की व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना काम लवकर मिळतं, पण तंत्र बदलत गेलं की उतारवयात त्यांची पंचाईत होण्याचा धोका अधिक. तेव्हा फक्त हातावर विसंबू नका. गणित सुटता कामा नये. सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं, प्रोग्रॅमिंग त्यानं शिकायलाच हवं, नुसतं बटण दाबणारा ऑपरेटर होऊन थांबू नये.

आणि आयटीआय डोळे मिटून घेऊ नका. काही ठिकाणी मशीन झाकून ठेवलेली असतात आणि निदेशकाची जागा रिकामी. मुलाला घेऊन स्वतः जाऊन बघा. तुमची नजर माझ्यापेक्षा तयार आहे. वर्कशॉपमध्ये शिरताच तुम्हाला कळेल, तिथे खरंच चिप, म्हणजे धातूचा कीस, पडते की नाही. मागच्या बॅचची मुलं अ‍ॅप्रेंटिसशिपला कुठे लागली, हेही विचारा.

त्याआधी एक करा. मऊ लोखंडाचा एक तुकडा आणि कानस त्याच्या हातात द्या. एक बाजू सपाट आणि शेजारची तिला काटकोनात करायला सांगा. मग गुण्या लावून उजेडाला धरा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायला लावा. चार दिवस. कंटाळून त्यानं कानस ठेवून दिली, तर अकरावी सायन्स आहेच. तो रस्ता सगळ्यांना पाठ आहे, मी त्यावर शाई घालवत नाही. पाचव्या दिवशी त्यानं स्वतःहून दुसरा तुकडा मागितला, तर आयटीआयचा ऑनलाइन फॉर्म भरा, आणि ट्रेडचा क्रम त्यालाच लावू द्या.

क्लासवाल्यांना मात्र आजच फोन करा. बॅच सुरू झाली की फी परत मिळवताना नाकी नऊ येतात.